शालनकाकूचा दगड

पर्वत पाटियाच्या आमच्या चाळीत शांतता आठवड्यातून एकदाच यायची. मागच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना होता, आणि त्याची खटखट आमच्या घरात इतकी मुरलेली होती की ती ऐकू येत नसे, नुसती अंगात जाणवे. भिंतीला पाठ टेकली की दात हलके थरथरायचे. मांडणीवरची ताटं सरकू नयेत म्हणून माय त्यांच्यामध्ये चिंध्या घालून ठेवायची. पण कारखान्यांनी लाइट बंद ठेवायचा वार आला की सगळे लूम एकाच क्षणी थांबायचे. नवख्या माणसाला वाटेल, बरं झालं. आम्हाला तो वार आवडायचा नाही. तान्ही पोरं शांततेने दचकून जागी व्हायची. एरवी ओरडून बोलणारी माणसं आपल्याच आवाजाला बिचकून कुजबुजायला लागायची. आज पन्नाशी ओलांडल्यावर मी एका शांत गावात राहते, तरी दुपारी वीज जाऊन पंखा थांबला की माझे कान ताणले जातात. जे काही घडलं ते त्या गप्प दुपारींमध्येच घडलं.

घरात आम्ही पाच जणं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात लूमचे फिटर. माय. मी नुकतीच कॉलेजात गेलेली; पहिल्या वर्षाला भूगर्भशास्त्र हा विषय घेतला होता, कारण दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. अण्णांचा धाकटा भाऊ बापूकाका, आणि त्याची नवी नवरी शालनकाकू. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, गुजराती शहरात राहूनही घरात अहिराणी. काकू चलथाणची. तिचे आईवडील बीडकडून ऊस तोडायला आले आणि साखर कारखान्याच्या आसऱ्याने तिथेच राहिले. ती बोलायची मराठवाड्याचं. आमची अहिराणी तिला कळायची नाही. लग्नाला सात महिने झाले होते, पण अण्णा काही बोलले की ती पदर सावरत बापूकाकाकडे बघायची, मग काका तिला तिच्या बोलीत सांगायचा. मायला त्याची गंमत वाटे. ‘दुभाष्या लागतो आमच्या घरात,’ असं ती शेजारी सांगायची. चुलीवर मात्र दोघींचं जमलं होतं. माय कळण्याची भाकरी थापायची, काकू येसराचा मसाला घालून आमटी करायची, आणि बापूकाका दोन्हींचं कौतुक आळीपाळीने करून दोघींनाही खूश ठेवायचा.

काका इच्छापोरला एका बांधकामावर पाया खोदायच्या कामाला होता. एका संध्याकाळी तो सिमेंटच्या रिकाम्या गोणीत काहीतरी घेऊन आला आणि गोणी दारातच ठेवली. ठेवताना जो आवाज झाला, त्याने माय आतून बाहेर आली. आत एक दगड होता. सोललेल्या नारळापेक्षा थोडा मोठा, तपकिरी काळा, पण उचलायला गेले तर हात खालीच राहिले. एवढ्याशा गोळ्याचं वजन धान्याच्या भरल्या डब्याएवढं.

“हाई दख आंडेर,” काका मला म्हणाला. ‘हे बघ’ म्हटल्याशिवाय त्याचं कुठलंच वाक्य सुरू होत नसे, आणि मला तो नेहमी आंडेर, म्हणजे लेक, म्हणायचा. “हाऊ दगड नही शे. हाऊ काहीतरी येगळंच शे.”

दोन पुरुष खोल खड्ड्यात पहारीला तो लागला होता. वरची माती उन्हाने तापलेली, हा मात्र गार. बरोबरच्या मजुरांनी त्याला हात लावला नाही. एकजण म्हणाला, जिथे होता तिथे परत ठेव. काकाला असल्या गोष्टींची भीती नव्हती. मी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक काढला आणि आम्ही दोघं दगडाशी बसलो. एका जागी चुंबक खट्कन चिकटायचा, बोटभर बाजूला सरकवला की पकड सैल व्हायची, पुढे पुन्हा चिकटायचा. चिकटेल तिथे मी खडूने फुली केली. तासाभराने पाहिलं तर फुल्यांची सगळ्या दगडाभोवती जाळी झाली होती आणि जाळीत मधे मधे मोकळी घरं. काकाने गंमत म्हणून दगडाला कान लावला. बराच वेळ लावून बसला. मग उठला आणि हात धुवायला गेला. काय ऐकलंस, असं मी विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्याचं वाईट वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी त्याच खड्ड्याची कड ढासळली. आत तिघं होते. दोघं वर आले.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. काकू रडली नाही, एवढंच सांगते. ती बोलायचीही थांबली. आतल्या खोलीत, जिथे काकाने तो दगड कोपऱ्यात सरकवून ठेवला होता, तिथे भिंतीला टेकून बसायची. दहाव्याच्या आसपास हवेत इतका दमटपणा होता की मीठ बरणीत पाणी सोडत होतं. सकाळी माय केर काढायला आत गेली आणि तिने मला हाक मारली. दगडाला घाम आला होता. थेंब, तांबूस तपकिरी, एकेक वेगळा फुटलेला. काही थेंब घरंगळून फरशीवर वाळले होते. काकूने पदराने ते टिपले होते आणि तिच्या पांढऱ्या लुगड्यावर डाग पडले होते. ते डाग मी नंतर साबणाने घासले, निघाले नाहीत.

पुढचा वार लाइट बंदचा होता. लूम थांबले. मी वही घेऊन आतल्या खोलीत बसले होते, माय परातीत पीठ मळत होती. काकू दगडावर हात ठेवून बसली होती. पंधरा दिवसांत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

“हाई दख आंडेर,” ती म्हणाली. “आठे भलती थंडी शे.”

इथे फार थंडी आहे, असं, तिला न कळणाऱ्या आमच्या अहिराणीत. आवाज तिचाच होता. बायकी, थोडा बसका. पण ‘भलती’वर दिलेला हेल, मधे थांबणं, शेवटचा शब्द गिळणं, ते सगळं काकाचं होतं. मायचे हात पिठात तसेच राहिले. मी काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघतही नव्हती. थोड्या वेळाने ती उठली, माठातलं पाणी प्याली आणि पुन्हा गप्प झाली.

चाळीत अशी गोष्ट लपत नाही. शेजारच्या वच्छलामावशींनी दगडापुढे नारळ ठेवला. त्यांच्या मागून इतर बायका आल्या. लाइट बंदच्या वारी दुपारी आमची आतली खोली भरून जायला लागली. दगडाला हळदकुंकू लागलं, त्याला रोज सकाळी पाण्याने आणि दुधाने अंघोळ घालायला काकू स्वतः बसायची. तो जास्तच घामेजायला लागला. बायका विचारत, आणि काकू कधी गप्प राही, कधी बोले. बोलली तर अहिराणीतच. आमच्या पारोळ्याकडचीच, आजी बोलायची तशी जुनी, ठसठशीत. एकीने विचारलं, “तठे कोण कोण शे?” काकू म्हणाली, “बठ्ठा आठेच शेतस.” सगळे इथेच आहेत. त्या दिवशी बायका प्रसाद न घेताच उठल्या, पण पुढच्या वारी परत आल्या.

मी विज्ञान शिकणारी मुलगी. मला हे थांबवावंसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही काकाचं बोलणं ऐकायला मिळत होतं, आणि मी दारामागे उभी राहून ऐकत होते.

अण्णा आधी चिडले होते. हा दगड तापीत टाकून येतो, म्हणाले होते. मग एका दुपारी, बायका यायच्या आधी, ते काकूसमोर मांडी घालून बसले. मोठ्या दिराने धाकट्या भावजयीसमोर असं बसायची आमच्यात रीत नाही. त्यांनी मान खाली घातली होती.

“बापू,” ते म्हणाले, “तुले तरास व्हयना का रे?” जाताना त्रास झाला का तुला.

लूम बंद होते. दगडावरून एक थेंब खाली पडला, त्याचा आवाज आला.

“नही अण्णा,” काकू म्हणाली. “नुसती माटी व्हती.”

अण्णा तसेच बाहेर गेले आणि संध्याकाळी जेवले नाहीत. त्यानंतर तापीचं नाव त्यांनी काढलं नाही. कारखान्यातून येताना तेच फुलं आणायला लागले.

काकू मात्र वाळत चालली. ताटात अर्धी भाकरी उरायची, मग पाऊण, मग ती नुसती दगडाला लावलेलं दूध बोटाने चाटायची. मनगटातून हात आरपार दिसावा इतकी बारीक झाली. माय अण्णांना म्हणाली, पोरगी जाईल अशाने. अण्णा म्हणाले, “बापू दखस ना तिले.” तो बघतो आहे ना तिच्याकडे. त्या रात्री मायने माझा हात घट्ट धरून ठेवला.

आणखी एक गोष्ट होत होती, ती फक्त मी पाहिली. दगडाच्या ढलप्या सुटत होत्या. शांत दुपारी बारीक टक्, टक् असा आवाज यायचा. बायका म्हणायच्या, आतून कोणीतरी वाजवतं. मी एकदा जवळ बसून राहिले तेव्हा आवाजाबरोबर एक नखाएवढा पापुद्रा फरशीवर पडलेला पाहिला. त्याखाली उघड्या झालेल्या भागात मधासारखा पिवळा कण चमकत होता. मी पापुद्रा आणि तो कण कागदात बांधून कॉलेजात नेला.

आमचे भूगर्भशास्त्राचे सर वयस्कर, गुजराती, अतिशय सावकाश बोलणारे. त्यांनी भिंगाखाली कण पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. मला विचारलं, बाकीचा कुठे आहे. मी सगळं सांगितलं, काकाचंही. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “आ पृथ्वीनो नथी.” हा पृथ्वीवरचा नाही. मग त्यांनी घामाचं कारण सांगितलं. जमिनीत पडून राहिल्यावर अशा आकाशातून पडलेल्या लोखंडात खार शिरतो, दमट हवेत तो पाणी ओढतो, आणि लोखंड आतून गंजत गंजत बाहेर वाहतं. याला पाण्यापासून जपलं पाहिजे. “बेन रोज अंघोळ घालते ना? दिवाळीपर्यंत त्याचा भुगा होईल.”

घरी आले तेव्हा काकू एकटीच होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या बोलीत, जमेल तसं, सांगितलं की पाण्याने हा दगड मरतोय. तिने दगडावरचा हात काढून घेतला.

“म्हंजी मीच मारायले व्हय त्याला?” ती म्हणाली.

तिच्या स्वतःच्या बोलीतलं ते दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर तिने दगड कोरड्या फडक्याने पुसला, काकाच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. रिक्षात तो तिने मांडीवर घेतला होता. प्रयोगशाळेत सरांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. सर म्हणाले, आत काय आहे ते कापल्याशिवाय कळणार नाही, पण तुम्ही हो म्हणाल तरच.

“त्याला दुखंल का?”

“नही बेन,” सर म्हणाले. “ये बहुत पहले का टूटा हुआ है.”

करवतीने एक पातळ चकती कापायला सगळी सकाळ गेली. खोलीभर लोखंडाचा कडवट वास पसरला. काकू करवतीपासून हलली नाही. मग सरांनी चकती घासून चकचकीत केली आणि खिडकीशी उन्हात धरली. चकती चांदीसारख्या धातूची होती, आणि त्या धातूत जागोजाग पिवळसर हिरवे खडे बसले होते, आणि त्यांच्यातून ऊन आरपार येत होतं. भिंतीवर त्याचे डाग पडले. मी खडूने फुल्या मारून काढलेली जाळी ती हीच होती. सरांनी धातूच्या एका कोपऱ्यावर आम्ल टाकलं, तर गुळगुळीत पृष्ठभागातून हळूहळू आडव्या तिरप्या रेघा वर आल्या, एकीवरून एक गेलेल्या. जणू त्या तिथे होत्याच आणि आत्ताच बघायला आल्या.

काकूने विचारलं, हे असं झालं कसं. सर हिंदीत सांगत गेले, मी मराठीत सांगत गेले. सूर्याभोवती ग्रह बनत होते तेव्हाची गोष्ट. एक लहान जग होतं. ते आतून इतकं तापलं की सगळं वितळलं. लोखंड जड, ते तळाशी, मधोमध गेलं. खडक हलका, तो वर राहिला. जिथे दोघांची हद्द होती तिथे खड्यांच्या फटींतून वितळलेलं लोखंड शिरलं. मग ते जग निवायला लागलं. एक अंश उतरायला लाखभर वर्षं, असं सावकाश. म्हणूनच त्या रेघा एवढ्या मोठ्या वाढल्या; पृथ्वीवर कोणी त्या बनवू म्हटलं तर बनवता येत नाहीत. आणि कधीतरी दुसरं काहीतरी येऊन त्या जगावर आदळलं, त्याचे तुकडे झाले, त्यातला हा एक.

“एवढा वेळ अंधारात व्हतं हे?” काकूने विचारलं.

“हो.”

“आन् कोणी बघितलं नाही?”

“बघायला कोणी नव्हतं.”

तिने चकतीवरच्या एकेका खड्यावर बोट ठेवलं. मग खुर्चीवर बसली आणि रडली. घरी तिरडी उठली तेव्हा रडली नव्हती, ते सगळं. सर दार लावून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. निघताना तिने दगड परत मागितला नाही. तिथे कोरड्या डब्यात राहू दे, म्हणाली. सदरा मात्र घडी करून घेतला.

अण्णा कामावरून आले, कोपरा रिकामा पाहिला आणि तिथेच उभे राहिले. हातात फुलांची पुडी होती. मी बोलणार तोच काकू पदर सावरून पुढे झाली. अण्णांनी तिलाच विचारलं, अगदी हळू आवाजात:

“आते बापू कथा शे?”

काकूने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. लग्न होऊन आली तेव्हा काकाकडे जशी बघायची, तशीच.

“काय म्हणायलेत भाऊजी?” तिने मला विचारलं.

माय चुलीशी होती. तिने मागे वळून पाहिलं. काकू थट्टा करत नव्हती. दोन महिने जी भाषा ती बोलत होती, ती तिला कळत नव्हती. मीच सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं: अण्णा विचारतात, आता बापूकाका कुठे आहे.

तिने मान खाली घातली. “भाऊजी,” ती म्हणाली, “ते गेले.”

अण्णांनी फुलांची पुडी मायजवळ दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. मागच्या भिंतीतून लूमची खटखट चालू होती, त्यामुळे ते रडले की नाही, आम्हाला ऐकू आलं नाही. काकू त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवली. वच्छलामावशी आणि बायका आणखी तीन वार आल्या, रिकाम्या कोपऱ्याला हात जोडून गेल्या, मग यायच्या थांबल्या.

काकूचे वडील येऊन तिला चलथाणला घेऊन गेले. वर्षभराने तिने तिथल्याच साखर कारखान्यातल्या एका विधुराशी लग्न केलं. आमच्याकडून अण्णा एकटेच गेले, आणि मोठ्या भावाने करायचं ते सगळं त्यांनी केलं. मी भूगर्भशास्त्रच धरून ठेवलं. काकू अहिराणी कुठून बोलली, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. सात महिन्यांत कानावर पडून कुठेतरी साठलं असेल, असं एका डॉक्टरांनी मला समजावलं. ते पटण्यासारखं आहे. पण ती आजीच्या काळचे जे शब्द वापरायची, त्यातले काही काकालाही येत नव्हते, आणि आमची आजी काकू यायच्या आधीच वारली होती.

दगडाच्या जन्माबद्दल सरांनी सांगितलं त्यातही पुढे बदल झाला. जड लोखंड आणि हलके खडे वितळलेल्या अवस्थेत शेजारी शेजारी टिकणारच नाहीत, थोड्याच काळात वेगळे होतील, असा प्रश्न अभ्यासक विचारायला लागले. आता पुष्कळजण मानतात की हद्दीवर निवांत काही झालं नाही. दोन जगं एकमेकांवर आदळली, एकाचं वितळलेलं लोखंड दुसऱ्याच्या फुटलेल्या खडकात घुसलं, आणि वेगळं व्हायच्या आत थिजलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सर हयात नव्हते. ज्याला सांगावं असं एकच माणूस होतं, म्हणून मी चलथाणला गेले.

काकू अंगाने भरली होती. तिची मुलगी मोठी होऊन शेजारीच नांदत होती आणि मुलीचा चार वर्षांचा मुलगा काकूकडे जेवत होता. जेवत कसला, तोंड मिटून बसला होता. काकू वरण भाताचा घास हातात घेऊन त्याला गोष्ट सांगत होती. एक होतं जग. लई तापलं. लोखंड गेलं खाली, खडे राहिले वर. मी उंबऱ्यातच थांबले. मग मी नवी माहिती सांगितली, तिने नीट ऐकून घेतली आणि नातवाकडे वळून म्हणाली, “ऐकलंस? एक नव्हतं, दोन व्हती. आपटली एकमेकांवर.”

पोराने विचारलं, “मग आत कोण होतं?”

कोणीच नव्हतं, हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने घास पुढे केला आणि त्याने तोंड उघडेपर्यंत थांबली.

“व्हतं कोणीतरी,” ती म्हणाली. “आता नाही.”